वाचनालयासाठी लिनक्सचे लॅपटॉप घेताना

आर्वी तालुक्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने २०२५ च्या उन्हाळ्यात अभ्यासिकेसाठी नवे लॅपटॉप घेतले. कारखान्यातूनच लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मुक्त संगणक-प्रणाली) बसवून आलेली यंत्रे घ्यायची, असा ठराव कार्यकारिणीने त्याआधी केला होता. वाचनालयाचा सचिव या नात्याने दरपत्रके मागवण्यापासून दुरुस्तीची तक्रार नोंदवण्यापर्यंतचे सगळे काम माझ्याकडे होते. खेड्यातल्या संस्थेला असे यंत्र घ्यायचे झाले तर काय काय करावे लागते, हे मराठीत लिहिलेले मला फारसे सापडले नाही, म्हणून हा अनुभव तपशिलाने मांडत आहे.

आमचे जुने डेस्कटॉप विंडोज १० वर चालत होते. त्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, असे मायक्रोसॉफ्टने बरेच आधी जाहीर केले होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो किमान आठव्या पिढीचा लागतो. आमची यंत्रे त्याहून जुनी होती. अभ्यासिकेत येणारी मुले पोलीस भरतीचे आणि एमपीएससीचे अर्ज भरतात, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठी नोंदणी करतात, आणि ते करताना आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा दाखला असे सगळे त्याच संगणकावरून पाठवतात. दुरुस्त्या मिळणे बंद झालेल्या यंत्रावर त्यांना हे काम करू देणे मला पटत नव्हते. गावातून नोकरीसाठी पुण्या-नागपूरला गेलेल्या मंडळींनी त्याच सुमारास देणगी गोळा करून दिली आणि नव्या खरेदीचा विषय बैठकीत आला.

मी स्वतः बरीच वर्षे लिनक्स वापरतो आहे. कोणतेही यंत्र आणावे आणि त्यावर मी उबंटू (लिनक्सचा एक प्रचलित प्रकार) बसवून द्यावे, हा सोपा मार्ग होता व सुरुवातीला बहुतेकांचे मतही तेच होते. आमचे अध्यक्ष कास्तकार आहेत, संगणकाशी त्यांचा रोजचा संबंध नाही. पण नेमका प्रश्न त्यांनीच विचारला. ते म्हणाले, “मास्तर, तुमी टाकसान बी आन् चालवसान बी. पन उद्या तुमी गावात नसले, तं बिघडल्यावर आमी कोनाले बलवाचं?”

या प्रश्नाने चर्चा योग्य जागी आणली. मी बसवलेली प्रणाली बिघडली तर जबाबदारी माझी, आणि माझी बदली झाली की ती कोणाचीच उरत नाही. कंपनीने स्वतः लिनक्स बसवून यंत्र विकले, तर वायफायचे कार्ड, टचपॅड, कॅमेरा, झाकण मिटल्यावर यंत्राचे झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे, हे सारे त्या प्रणालीवर तपासण्याचे काम तिने केलेले असते. यंत्राच्या अनुक्रमांकासमोर तिच्या नोंदीत लिनक्स लिहिलेले असते आणि हमीच्या काळात तिला ते नाकारता येत नाही. नागपूर-पुण्यात राहणाऱ्या माणसाला शेजारी चार जाणकार भेटतात. आमच्यासारख्या गावात ही लेखी जबाबदारी हाच आधार असतो. ठरावात “कारखान्यातून बसवलेले” हे शब्द त्यासाठी आले.

बैठकीत आणखी एका सदस्याने शंका काढली की, हे असले कोणी विकते तरी का. विकतात, आणि आजचे नाही. डेलने २००७ साली ग्राहकांच्या मागणीवरून उबंटू बसवलेले संगणक विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी आसुसचा ईईई पीसी हा छोटा लॅपटॉप लिनक्सवर बाजारात आला. २०१२ मध्ये डेलने ‘प्रोजेक्ट स्पुटनिक’ या नावाने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी एक्सपीएस १३ हा लॅपटॉप उबंटूसह आणला. लेनोवोने २०२० पासून काही थिंकपॅड लॅपटॉपवर फेडोरा हा लिनक्सचा दुसरा प्रकार द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतील सिस्टम७६, जर्मनीतील टक्सेडो, ब्रिटनमधील स्टार लॅब्ज या कंपन्या तर मुख्यतः लिनक्सची यंत्रे विकतात; परंतु त्यांचे यंत्र परदेशातून मागवायचे, वर सीमाशुल्क भरायचे आणि बिघडल्यावर परत परदेशी पाठवायचे, हे आमच्या वाचनालयाच्या आवाक्यातले नव्हते. केरळमधील सरकारी शाळांत उबंटूवर आधारलेल्या लिनक्सवर मुले शिकतात, हे सांगितल्यावर मात्र सभासदांचा धीर वाढला. मोठ्या प्रमाणावर, सरकारी शाळेत, साध्या शिक्षकांच्या हातून हे चालते, ही गोष्ट त्यांना कंपन्यांच्या नावांपेक्षा जास्त पटली.

दरपत्रकांसाठी मी आधी वर्ध्याला आणि मग नागपूरला सीताबर्डीवर गेलो. दुकानांतल्या याद्यांत प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पडद्याचा आकार असे रकाने असतात आणि प्रणालीचा रकाना अगदी शेवटी. त्यात एकतर ‘विंडोज ११ होम’ असते, नाहीतर ‘डॉस’. लिनक्सबद्दल विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळे. एका दुकानदाराने ते अगदी आपुलकीने दिले: “सर, लिनक्सवाला इकडे कोनी मागतच नाही. तुमी डॉसवाला न्या, विंडोज मी टाकून देतो ना, त्याचे पैसे बी नाही घेत.”

‘डॉसचा लॅपटॉप’ म्हणजे काय, हे ग्राहकाने समजून घेणे फार गरजेचे आहे. त्यात बहुधा फ्रीडॉस असते. १९९४ मध्ये सुरू झालेला तो मुक्त प्रकल्प जुन्या एमएस-डॉसची जागा घेण्यासाठी आहे आणि त्याच्या जागी तो चांगला आहे; पण आजचा ब्राउझर त्यावर चालत नाही, म्हणजे त्यावरून कोणी अर्ज भरू शकत नाही. अशा यंत्रावर दुकानदार जे विंडोज फुकट टाकून देतो, त्याचा परवाना नसतो. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय परवान्याची अडवणूक तोडण्यासाठी त्यात जे प्रोग्रॅम घातलेले असतात ते काय करतात, हे घेणाऱ्याला कळत नाही. वाचनालय अनुदानावर चालते, दरवर्षी आमच्या हिशेबांचे अंकेक्षण होते. बिलावर जे नाही ते यंत्रात आहे, ही परिस्थिती आम्हाला चालणारी नव्हती. मला वाईट याचे वाटते की डॉसचे यंत्र घेणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना लिनक्सने काम भागले असते. परंतु दुकानात ते चालू करून दाखवलेले नसते, त्यामुळे मागणी होत नाही, आणि मागणी नाही म्हणून दुकानदार ते ठेवत नाही.

दुकानांतून काम होणार नाही हे दिसल्यावर मी उलट्या बाजूने सुरुवात केली. उबंटू तयार करणारी कॅनॉनिकल ही कंपनी आपल्या संकेतस्थळावर प्रमाणित यंत्रांची यादी देते. त्यात कंपनी, मॉडेल आणि उबंटूची आवृत्ती निवडून शोध घेता येतो. प्रत्येक मॉडेलच्या पानावर कोणता प्रोसेसर, कोणते वायफाय कार्ड, कोणती ग्राफिक्स चिप असताना तपासणी झाली, हे लिहिलेले असते. हा तपशील नीट वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. लॅपटॉपच्या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वायफाय चिपा बसवलेल्या असू शकतात, आणि तपासणी त्यातल्या एकीवरच झालेली असू शकते. काही पानांवर असेही नमूद असते की हे मॉडेल काही प्रदेशांत कंपनीने खास तयार केलेल्या उबंटूसह विकले जाते आणि उबंटूची साधी प्रत त्यावर नीट चालेलच असे नाही. म्हणजे नवे यंत्र आणून पेनड्राइव्हने उबंटू टाकणे आणि कारखान्यातून उबंटू येणे यात फरक आहे, आणि तो फरक उबंटूवाले स्वतःच सांगतात.

त्या यादीतून मी मॉडेलांची नावे टिपली आणि एका मोठ्या कंपनीच्या व्यावसायिक विक्री विभागाला फोन केला. घरगुती मालिकेच्या लॅपटॉपवर लिनक्स मिळणार नाही, व्यावसायिक मालिकेत काही रचनांवर (प्रोसेसर, रॅम वगैरेंच्या ठरावीक जुळण्यांवर) मिळेल, असे उत्तर मिळाले. प्रतिनिधीने पहिल्यांदा पाठवलेल्या दरपत्रकात विंडोजच होते. ते बदलून मागितल्यावर दुसऱ्या दरपत्रकात ‘उबंटू लिनक्स २२.०४ एलटीएस’ (एलटीएस म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) अशी स्पष्ट ओळ आली. त्याच रचनेच्या विंडोजच्या यंत्रापेक्षा किंमत थोडी कमी होती, पण लिनक्स घेतले म्हणजे यंत्र फार स्वस्त पडते, असा समज कोणी करून घेऊ नये. सणासुदीच्या सवलतीत घरगुती मालिकेचा विंडोजचा लॅपटॉप यापेक्षा कमी पैशांत मिळाला असता. आम्ही जास्तीचे पैसे मोजले ते तीन वर्षांच्या जागेवर येऊन दुरुस्ती करण्याच्या हमीसाठी आणि रॅम व बॅटरी बदलता येईल अशा बांधणीसाठी.

हमीबद्दल एक गोष्ट विचारायला मी विसरलो नाही आणि ती खेड्यातल्या प्रत्येकाने विचारावी. ‘जागेवर सेवा’ सगळीकडे सारखी मिळत नाही. ती पिनकोडवर ठरते. आमचा पिनकोड त्या सेवेत येतो का, हे मी ई-मेलवर लेखी मागितले. येतो, परंतु शहरापेक्षा जास्त दिवस लागतील, असे उत्तर आले. ते उत्तर छापून खरेदीच्या फायलीत लावले, बिल वाचनालयाच्या नावे घेतले, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीसह प्रणालीचे नावही छापून आले. अंकेक्षकांनी पुढे त्या एका ओळीवर बोट ठेवून समाधान व्यक्त केले.

खोकी आर्वीपर्यंत आली. तिथून आम्ही ती गाडीने आणली. यंत्र चालू केल्यावर कंपनीचे चिन्ह आले आणि मग भाषा, कळफलक, वेळेचा पट्टा, वापरणाऱ्याचे नाव असे प्रश्न एकेक करून विचारले गेले. वेळेच्या नकाशावर कोलकाता निवडायचे, नाव टाकायचे, पासवर्ड द्यायचा. बसवण्याचे काम झालेलेच असते, त्यामुळे डिस्कचे भाग पाडणे वगैरे काहीही करावे लागले नाही. आमच्या ग्रंथपाल ताईंनी पहिल्या यंत्रावर मी केलेले पाहिले आणि पुढची यंत्रे त्यांनीच सुरू करून घेतली.

यंत्र हाती आल्यावर मी तपासणी कसोशीने केली, कारण काही उणे निघाले तर ते पहिल्या दिवसांतच नोंदवणे शहाणपणाचे असते. झाकण मिटून रात्रभर ठेवले आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते पाहिले. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, कारण गावातले ब्रॉडबँड पावसाळ्यात भरवशाचे नसते. कॅमेरा, हेडफोन, शिक्षकांच्या प्रोजेक्टरची तार, सगळे जोडून पाहिले. यंत्र सुरू होताना फक्त मान्य डिजिटल सही असलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय म्हणजे सिक्युअर बूट. लिनक्स म्हटले की ‘सिक्युअर बूट बंद करा’ असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो इथे लागू नव्हता. उबंटूच्या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते, त्यामुळे सिक्युअर बूट चालू ठेवूनच यंत्र सुरू होते, आणि आम्ही ते चालूच ठेवले आहे.

यंत्राच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची, म्हणजे फर्मवेअरची, सुधारणा हा आणखी एक मोठा फरक आहे. पूर्वी अशी सुधारणा बहुधा विंडोजच्या फाइलीतूनच मिळे आणि लिनक्सवाल्यांची पंचाईत होई. आता डेल, लेनोवो, एचपी यांसारख्या कंपन्या त्या सुधारणा एलव्हीएफएस नावाच्या सामाईक सेवेवर ठेवतात आणि उबंटूचा सॉफ्टवेअर विभाग तिथून त्या उचलतो. चार्जर जोडलेला असल्याशिवाय यंत्र ही सुधारणा करू देत नाही. लाइट गेली तरी बॅटरीवर काम पुरे होते. डेस्कटॉपवर असे काही करताना मला नेहमी धाकधूक वाटत असे, कारण आमच्याकडे वैशाख-ज्येष्ठात लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो.

मराठी टंकलेखन हा आमच्यासाठी जिव्हाळ्याचा विषय होता. सेटिंगमधील कळफलकाच्या भागात मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी) घेतला, आणि विंडोजचे चिन्ह असते ती कळ व स्पेसबार एकत्र दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल करायची, हे मुलांना शिकवले. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी उच्चाराप्रमाणे टंकण्याचा पर्यायही जोडला. ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ बिनचूक उमटतात की नाही हे मी मुद्दाम पाहिले, कारण ‘ॲड’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांवर मराठी मजकूर हमखास अडतो. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचात लिहिलेला अर्ज पीडीएफ करून पाठवला की समोरच्याकडे फॉन्ट बदलण्याची भीती राहत नाही. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधले वाचनालयाचे ठराव मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागत आहेत. ते काम ताई सवडीने करतात आणि ते विंडोज ठेवले असते तरी एक दिवस करावेच लागले असते.

पेनड्राइव्हचा अनुभव सांगण्यासारखा आहे. मुले झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह आणतात आणि त्यात तो प्रसिद्ध ‘शॉर्टकट व्हायरस’ असतो, जो खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. उबंटूवर तो पेनड्राइव्ह लावला की खरे फोल्डर आणि खोटे शॉर्टकट शेजारी शेजारी उघडे दिसतात, आणि विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस तिथे चालत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीची गुणपत्रिकेची फाइल गेली असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. ती तिला अशीच सापडली. अभ्यासिकेचे खाते साधे ठेवले आहे, त्यातून कोणी काही बसवू शकत नाही, आणि त्यामुळे ताईंची रोजची डोकेदुखी बरीच कमी झाली आहे. अर्जासाठी फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवणे, हे मुलांचे सर्वात नेहमीचे काम. ते जिम्प या चित्रे दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये कसे करायचे याचा एक कागद मराठीत लिहून भिंतीवर लावला आहे.

प्रत्येक गोष्ट सुरळीत झाली असे मात्र नाही. वाचनालयाचा जुना लेझर प्रिंटर लगेच ओळखला गेला नाही, त्याच्यासाठी प्रिंटरच्या उत्पादकाचे वेगळे प्लगइन उतरवून घ्यावे लागले. नवा प्रिंटर घेणाऱ्याने वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा बघून घ्यावा. अंगठ्याचा ठसा लागणारी आधारची कामे आम्ही इथे करत नाही. त्यासाठी लोक सेवा केंद्रातच जातात, आणि ओटीपीवर होणारी कामे ब्राउझरमध्ये व्यवस्थित होतात. टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव करणाऱ्यांसाठी एक जुना डेस्कटॉप विंडोजवरच ठेवला आहे, पण त्याला इंटरनेट जोडलेले नाही.

अध्यक्षांच्या प्रश्नाची खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. एका यंत्राचा पडदा झाकण हलवले की थरथरू लागला. मी मुद्दाम स्वतः काही न करता ताईंना कंपनीच्या क्रमांकावर फोन लावायला सांगितले. पलीकडच्या व्यक्तीने सवयीने विंडोजमधील एक प्रोग्रॅम चालवायला सांगितला. ताईंनी यंत्राखालचा अनुक्रमांक वाचून दाखवला आणि यात उबंटू आहे, तुम्हीच दिले आहे, असे सांगितले. नोंद पाहिल्यावर त्या व्यक्तीने लगेच मार्ग बदलला. यंत्र सुरू होतानाच एक कळ दाबून फर्मवेअरमधील तपासणी चालवायची, असे सांगितले. या तपासणीचा प्रणाली कोणती आहे याच्याशी काही संबंध नसतो. पडद्यावर रंगांचे पट्टे आले, त्यातही थरथर दिसली, म्हणजे दोष यंत्रभागाचा ठरला. काही दिवसांनी अमरावतीहून तंत्रज्ञ आला, त्याने पडद्याची तार बदलली, डिस्कला हात लावला नाही, आणि कागदावर ताईंची सही घेऊन गेला. या सगळ्यात माझी गरज कुठेच पडली नाही. अध्यक्षांना हे सांगितल्यावर त्यांनी त्या कागदाची प्रत फायलीत लावायला सांगितली.

यंत्रांवर आलेली २२.०४ ही आवृत्ती तेव्हाही सर्वात नवी नव्हती, २४.०४ बाजारात येऊन सुमारे वर्ष झाले होते. कंपनीने तपासून दिलेल्या आवृत्तीवर राहावे की पुढे जावे, यावर मी बराच विचार केला. २२.०४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२७ पर्यंत मिळणार आहेत, म्हणून घाई केलेली नाही. परीक्षांचा हंगाम संपल्यावर एका यंत्रावर आधी २४.०४ करून पाहू, ते ठीक चालले तर बाकीच्यांवर. कारखान्याची मूळ स्थिती परत आणण्यासाठी पेनड्राइव्ह आधीच तयार करून कपाटात ठेवला आहे.

शेजारच्या गावच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक हे पाहून गेले आणि त्यांनी शाळेसाठी तशीच यंत्रे मागवायचे ठरवले. त्यांच्यासाठी मी मागणीपत्राचा मसुदा लिहून दिला: प्रणाली कारखान्यातून बसवलेली असावी, तिचे नाव व आवृत्ती दरपत्रकात आणि बिलात छापलेली असावी, वायफाय चिपेचे नाव कळवावे, आणि शाळेच्या पिनकोडवर जागेवर सेवा मिळेल असे लेखी द्यावे. आम्ही घेतलेले मॉडेल सध्या लिनक्ससह मिळत नाही, असे त्यांना विक्री विभागाने कळवले. दुसरी रचना सुचवतो म्हणाले आहेत. तिच्यावरचे वायफाय कार्ड प्रमाणित यादीत आहे का, हे आम्ही पाहणार आहोत, पण त्यांचे दरपत्रक अजून आलेले नाही.